तुलैतुला ते गरनाता : थोड्या पैशांत अंदालुस

उर्दू शिकलेल्या माणसाला स्पेन हा देश नंतर कळतो, अंदालुस आधी कळतो. इक्बाल १९३३ मध्ये कुर्तुब्याच्या मशिदीत गेले आणि त्यांची ‘मस्जिद-ए-कुर्तुबा’ ही नज्म १९३५ च्या ‘बाल-ए-जिब्रील’मध्ये छापून आली. तेव्हापासून उर्दू वाचणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी अंदालुसकडे हरवलेल्या घराकडे पाहावे तसे पाहिले. पर्यटनाची माहितीपत्रके वेगळेच चित्र रंगवतात. त्यांच्या मते तिथे मुसलमान, ख्रिस्ती आणि यहुदी आठशे वर्षे गुण्यागोविंदाने नांदत होते. एका चित्रात नुसते अश्रू, दुसऱ्यात नुसती फुले. मी आणि माझी पत्नी मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत पाठीवर पिशव्या टाकून ती शहरे पायी आणि बसने फिरलो, तेव्हा दोन्ही चित्रे अर्धीच आहेत हे दिसले. अंदालुसच्या इमारती बऱ्याचशा शिल्लक आहेत. गेली ती माणसे आणि त्यांची जबान. हा लेख प्रामुख्याने त्या जबानीविषयी आहे.

खर्चाचे आधी सांगतो, कारण अनेक जण तेच विचारतात. आम्ही आगगाडीऐवजी बस घेतली, झोपायला वसतिगृहातल्या सामायिक खोल्या घेतल्या आणि दुपारचे जेवण बाजारातून आणले. पाव, चीज, ऑलिव्ह, डब्यातला टूना मासा, संत्री. डुकराचे मांस जिथे तिथे टांगलेले असते, त्यामुळे हे सोयीचेही पडले. पैसे मोजून पाहण्याच्या जागा आम्ही निवडक ठेवल्या. पण इतिहासाचा मोठा भाग या देशात रस्त्यावरच आहे आणि तो पाहायला तिकीट लागत नाही. खुद्द माद्रिद शहर नवव्या शतकात अमीर मुहम्मद पहिला याने वसवलेल्या किल्ल्यापासून वाढले. त्या तटाचा एक तुकडा आजही उघड्यावर उभा आहे.

माद्रिदहून बसने तासाभरावर तोलेदो, म्हणजे आपले तुलैतुला. शहराच्या एका उतारावर विटांची एक चिमुकली मशीद आहे. तिच्या दर्शनी भिंतीवर विटांच्याच कूफी अक्षरांत बांधकामाचे साल आणि बांधणाऱ्याचे नाव आहे. साल हिजरी ३९०, म्हणजे इसवी सन ९९९ च्या सुमारास. हे सगळे रस्त्यावरून वाचता येते. १०८५ मध्ये हे शहर कास्तियाच्या राजाकडे गेले. पण अरबी इथून लगेच गेली नाही, उलट तिला मागणी आली. बाराव्या शतकात क्रेमोनाचा जेरार्ड इटलीहून इथे आला, अरबी शिकला आणि त्याने इब्न सीनाचा ‘कानून’ लॅटिनमध्ये नेला. पुष्कळदा दोन माणसे मिळून काम करीत. एक जण अरबी वाचून बोलभाषेत सांगे, दुसरा ते लॅटिनमध्ये उतरवी. सत्ता बदलली तरी भाषा लगेच मरत नाही, तिला मारावे लागते, हे तोलेदोत कळते.

कोर्दोबात आम्ही सकाळी साडेआठला मशिदीच्या दारात होतो. रविवार सोडून इतर दिवशी तेव्हा तासभर प्रवेश फुकट असतो. साडेआठशेच्या वर खांब, त्यांवर लाल-पांढऱ्या दुहेरी कमानी. अब्दुर्रहमान पहिला याने ७८५ च्या सुमारास काम सुरू केले. खांब आणि त्यांची शीर्षे बरीचशी जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींतून आणलेली आहेत. मधोमध सोळाव्या शतकातले उंच कॅथेड्रल उभे आहे. शहर १२३६ मध्येच ख्रिस्ती सत्तेखाली आले, पण मशिदीचा मधला भाग फोडायला १५२३ साल उजाडले, आणि त्या वेळी कोर्दोबाच्या नगरसभेने, म्हणजे ख्रिस्ती नागरिकांनीच, त्याला विरोध केला होता. राजा कार्लोसने परवानगी दिली. आज तिथे नमाजाला मनाई आहे.

इथे आपल्या बाजूचाही हिशेब मांडला पाहिजे. खलिफा अल्-हकम दुसरा याच्या कुतुबखान्यात चार लाख ग्रंथ होते, असे जुने इतिहासकार सांगतात. त्यातली तत्त्वज्ञानाची आणि ज्योतिषाची पुस्तके जाळण्याचा हुकूम कोणत्या परकीयाने दिला नाही. तो दिला वजीर अल्-मन्सूरने, फकीहांना खूश ठेवण्यासाठी. याच शहरात ११२६ मध्ये जन्मलेल्या इब्न रुश्दला ११९५ मध्ये हद्दपार केले आणि त्याचे ग्रंथ जाळले, तेही मुसलमान सुलतानानेच. यहुदी विद्वान मूसा बिन मैमून याचे कुटुंब कोर्दोबा सोडून गेले ते अल्-मोहदांच्या सक्तीमुळे. आज या दोघांचे पुतळे कोर्दोबाच्या रस्त्यांवर आहेत, एक जुन्या तटाला लागून, दुसरा यहुदी मोहल्ल्यात. शहराने दोघांना घालवले आणि मग शतकांनी परत आणून बसवले.

सेविया, म्हणजे इशबिलिया, १२४८ मध्ये पडले. तिथला ११९८ मध्ये पूर्ण झालेला मिनार आता चर्चचा घंटाघर आहे. आत पायऱ्या नाहीत, उतार आहेत. पण मला जास्त बोलका वाटला तो अल्काझार राजवाडा. सोमवारी संध्याकाळी नाममात्र दरात सोडतात, तो मुहूर्त आम्ही साधला. चौदाव्या शतकात तो बांधला पेद्रो पहिला या ख्रिस्ती राजाने. भिंतींवर अरबी अक्षरे आहेत आणि त्यांत पेद्रोला ‘सुलतान’ म्हटले आहे. चौदाव्या शतकात ख्रिस्ती राजाला अरबी ही दिमाखाची भाषा वाटत होती. दोनशे वर्षांनी तीच भाषा गुन्हा ठरली. मधल्या काळात काय झाले, ते गरनात्यात समजते.

गरनात्यात अल्-हम्राचे तिकीट हा आमचा सर्वात मोठा खर्च. पण ज्या जागेमुळे मी सर्वात जास्त अस्वस्थ झालो, तिथे तिकीट नाही. तिचे नाव बिब-रांब्ला. मूळ अरबी बाब-अल्-रमला, वाळूचा दरवाजा. आज फुलवाल्यांची दुकाने आणि उपाहारगृहे असलेला हा चौक.

नोव्हेंबर १४९१ च्या तहात कॅथॉलिक राजा-राणीने गरनात्याच्या मुसलमानांना धर्म, मशिदी, काजी आणि कायदा यांची हमी दिली होती. २ जानेवारी १४९२ रोजी शहर ताब्यात आले. पहिला आर्चबिशप तालावेरा याने निदान आपल्या पाद्र्यांना अरबी शिकायला लावले. १५०५ मध्ये पेद्रो दे अल्काला या पाद्र्याने अरबीचे व्याकरण आणि शब्दकोश छापला. पण तोवर वारे फिरले होते. १४९९ मध्ये सिस्नेरोस आला, सक्तीची धर्मांतरे सुरू झाली आणि या चौकात हजारो अरबी पुस्तके जाळली गेली. वैद्यकाची तेवढी वगळून अल्कालाला पाठवली. १५०२ मध्ये कास्तियात फर्मान निघाले, ख्रिस्ती व्हा किंवा देश सोडा.

जे राहिले त्यांना ‘मोरिस्को’ म्हणत. १५६७ मध्ये राजा फेलिपे दुसरा याने त्यांच्यावर नवा हुकूम लादला. तीन वर्षांत अरबी बोलणे, लिहिणे, वाचणे बंद. जुना पेहराव बंद, हम्माम बंद, जुनी नावेही बंद. त्या वेळी फ्रान्सिस्को नून्येस मुले या वृद्ध मोरिस्को सरदाराने एक अर्ज लिहिला. माझ्या मते प्रत्येक भाषाशिक्षकाने तो वाचावा. त्याचा मुद्दा साधा होता. मिसर, शाम आणि माल्टा इथले ख्रिस्ती अरबी बोलतात आणि तरीही ख्रिस्तीच आहेत, मग भाषा म्हणजे धर्म कसा? पेहराव हा तर प्रांताचा असतो, कास्तियातही तो जागोजागी वेगळा आहे. म्हातारी माणसे तीन वर्षांत नवी भाषा कुठून शिकणार? आमची खरेदीखते, हिशेब सगळे अरबीत आहेत, त्यांचे काय?

अर्ज फेटाळला गेला. १५६८ मध्ये अल्पुहारा डोंगरात बंड झाले, ते रक्तात बुडवले, आणि गरनात्याच्या मोरिस्कोंना देशभर पांगवले.

पण गोष्ट इथे संपत नाही. आरागोन प्रांतातले मोरिस्को केव्हाच अरबी विसरले होते. ते स्पॅनिशच बोलत. धर्म जपण्यासाठी त्यांनी एक वाट काढली. स्पॅनिश भाषा, पण अरबी लिपीत. तिला ‘अल्हामियादो’ म्हणतात, मूळ शब्द आपल्या ओळखीचा ‘अजमी’. १८८४ मध्ये आरागोनातल्या आल्मोनासिद गावात एक जुने घर पाडताना खोट्या तळाखाली लपवलेली अशी हस्तलिखिते सापडली. नमाज, दुआ, कथा, सगळे स्पॅनिशमध्ये. म्हणजे या लोकांनी राज्यकर्त्यांची भाषा मनापासून आपली केली होती, तिच्यातच ते अल्लाहला आळवत होते. तरीही १६०९ ते १६१४ दरम्यान सुमारे तीन लाख मोरिस्कोंना जहाजांत घालून देशाबाहेर काढले, अरबी बोलणारे आणि स्पॅनिश बोलणारे दोघेही. म्हणजे मामला भाषेचा नव्हताच. ‘आमची भाषा बोला म्हणजे तुम्ही आमचे’ हे आश्वासन खोटे होते.

इथे मला आपली आठवण होणे साहजिक आहे. मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला एकीकडून विचारतात, ‘तुम्हाला इतके चांगले मराठी कसे येते?’ दुसरीकडून विचारतात, ‘तुम्ही घरात उर्दू का बोलत नाही?’ दोन्ही प्रश्नांमागे भाषा म्हणजे धर्म हेच गृहीतक आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला तेव्हा हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. कोकणातल्या मुसलमानाच्या घरात आजही पडत नाही.

आणि भाषेला सीमा आखता येत नाही, हे तर स्पॅनिशनेच सिद्ध केले आहे. मोरिस्को गेले, शब्द राहिले. स्पॅनिशमध्ये अमक्या-तमक्याला ‘फुलानो’ म्हणतात, तो आपला फलाणा. त्यांचा जकातनाका ‘आदुआना’, तो आपल्या दिवाणाचा भाऊ. नगराध्यक्ष ‘अल्काल्दे’, म्हणजे अल्-काजी. ‘असूकार’ अरबी सुक्करमधून गेला, पण त्याचे मूळ संस्कृत शर्करेत आहे आणि आपली साखरही तिथलीच. सेवियाच्या रस्त्यांवरचे ‘नारांखा’ आणि आपले नारिंग यांचेही तसेच. एखादे काम मनासारखे व्हावे असे वाटले की स्पॅनिश माणूस ‘ओहाला’ म्हणतो. त्या शब्दात अल्लाहचे नाव आहे, हे त्यातल्या बहुतेकांच्या मनातही येत नसेल.

सेर्वान्तेसने ‘दोन किखोते’च्या १६०५ च्या पहिल्या भागात सांगितले की, ही सगळी गोष्ट तोलेदोच्या बाजारात मिळालेल्या अरबी बाडातली आहे आणि मनुका व गहू देऊन एका मोरिस्कोकडून तिचा तर्जुमा करून घेतला आहे. ही त्याची थट्टा होती. पण हकालपट्टीच्या उंबरठ्यावर स्पॅनिश भाषेतल्या सर्वात थोर कादंबरीने आपला मूळ लेखक अरब आणि तर्जुमाकार मोरिस्को असल्याचे सांगावे, यात बरेच काही येते.

२००३ मध्ये गरनात्याच्या अल्बाइसिन टेकडीवर, अल्-हम्रासमोर, नवी मशीद उघडली. तिच्या बागेत कोणालाही जाता येते. तिथून राजवाडा सुंदर दिसतो, आणि बहुतेक प्रवासी त्याचीच छायाचित्रे काढतात. अंदालुस पाहायला जाणाऱ्यांनी ती जरूर काढावीत. पण खाली बिब-रांब्लाच्या चौकातही जावे. अंदालुससाठी रडायचे तर ते गेलेल्या तख्तासाठी नको. तख्ते सर्वांचीच जातात. आपल्या मातृभाषेत बोलण्याची परवानगी मागणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या अर्जासाठी थोडे थांबावे. तो अर्ज आजही जगात अनेक ठिकाणी, अनेक भाषांत, अनेक धर्मांची माणसे लिहीत आहेत. त्यांच्यापैकी कोणाचा अर्ज आपल्या टेबलावर आला, तर तो फेटाळणाऱ्यांत आपण नसावे.