तळटीप : आदिवासी दिन

आदिवासी दिन : ९ ऑगस्ट. जिनिव्हात १९८२ साली याच तारखेला आदिवासी लोकसमूहांविषयीच्या कार्यगटाची पहिली बैठक झाली. पुढे डिसेंबर १९९४मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस जाहीर केला. पनवेल परिसरात तो मुख्यतः ठाकर आणि कातकरी वाड्यांचा. दिवस भर पावसातला, लावणी उरकत आल्यावरचा. कोणत्याही जुन्या सणाशी त्याचा संबंध नाही. कातकऱ्यांचे नाव ज्या धंद्यावरून पडले तो आता उरलेला नाही : खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळायचे, तो काढा दाट होईपर्यंत आटवायचा आणि थंड झाल्यावर कात वड्यांत कापायचा. जंगलतोडीवर निर्बंध आले आणि हे लोक वीटभट्ट्यांकडे वळले. नागालँडमधल्या हॉर्नबिल महोत्सवाशी या दिवसाची तुलना होते, पण ती पुरती जुळत नाही. कोहिमाजवळच्या किसामा येथे १ ते १० डिसेंबरला होणारा तो महोत्सव राज्य सरकारने २०००मध्ये सुरू केला आणि तो पर्यटकांना डोळ्यांसमोर ठेवून बेतलेला आहे. तिथे प्रत्येक जमातीचे मोरुंग, म्हणजे तरुणांचे पारंपरिक सामूहिक घर, उभारलेले असते. ज्या पक्ष्याचे नाव त्याला दिले आहे तो महाधनेश मात्र सह्याद्रीतही आढळतो.