शाळा मुलांच्या दारी

सातवीच्या सहामाहीनंतर आपल्या वर्गातली एक मुलगी यायची बंद झाली. बाई काही दिवस हजेरीत तिचं नाव घेत राहिल्या, मग तेही थांबलं. धाकट्या भावाला सांभाळायला घरी राहिली, एवढंच कळलं. तिचं घर माझ्या वाटेवर होतं. तरी मी कधी डोकावले नाही.

अनुताई वाघांविषयी वाचताना ती आठवली, म्हणून स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

अनुताईंचा जन्म १९१० चा. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांतच वैधव्य. तरीही त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. पुण्यात हुजूरपागेत शिकवत असताना रात्रशाळेत जाऊन मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये त्या ताराबाई मोडकांबरोबर डहाणूजवळच्या बोर्डी गावी गेल्या. तिथे बालवाडी काढली, पण गरिबांची मुलं येईनात. तेव्हा या दोघींनी वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरवला. तीच अंगणवाडी.

पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांजवळ गेलं. तिथली मुलं दिवसभर गुरांमागे असत. मग शाळाच कुरणात गेली. मोठ्या मुली भावंडांना सांभाळायला घरी राहत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आली. धाकटं भावंड पाळणाघरात, ताई वर्गात! खेळणी कसली, तर गारगोट्या, शिंपले, बिया, पानं.

१९७३ मध्ये ताराबाई गेल्या. अनुताईंनी १९९२ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत ते काम सांभाळलं. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

मी सॉफ्टवेअरमधली. वापरणाऱ्याला प्रोग्रॅम जमला नाही, तर चूक आधी प्रोग्रॅममध्ये शोधायची, हे आम्हाला नोकरीत शिकवतात. अनुताईंनी हाच नियम शाळेला लावला. मूल येत नाही, तर आपलं काय चुकतंय?

आपल्या गुरुजनांनी आम्हाला भरभरून दिलं. त्या ऋणातून उतराई होणं नाही. पण या मेळाव्यात एक करू या. मध्येच शाळा सुटलेल्यांची नावं आठवून काढू, त्यांच्या घरी जाऊन आमंत्रण देऊ. माझ्या वाटेवरच्या त्या घरी या वेळी मी जाणार आहे.