देवगिरीची बासरी आणि छत्तिसाव्या वर्षीचा शिष्य

पैठणच्या नाथषष्ठीला किंवा वेरुळच्या महाशिवरात्रीच्या यात्रेला तुम्ही गेला असाल, तर बासरीवाला तुम्ही नक्कीच पाहिला असेल. खांद्यावर काठी, काठीला खोवलेल्या बासऱ्या, आणि ओठांवरच्या एका बासरीतून चाललेली गोड धून. आपण भुलतो, एक बासरी विकत घेतो, घरी येऊन फुंकतो, आणि निघते काय, तर नुसती हवा! पोरं हसतात. कारभारीण म्हणते, "या वयात हे काय आरंभलंय?" बासरी मग आढ्याला खोचली जाते ती कायमची.

या वयात शिकणे खरोखर अशक्य असते का, हे बासरीच्याच इतिहासाला विचारून पाहू. त्यासाठी फार लांब जायला नको. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद, या शहराला लागून जी लेणी आहेत, त्यांतल्या सातव्या लेण्यात नर्तकीचे एक सुंदर शिल्प आहे. तिच्या दोन्ही बाजूंना वाद्ये घेतलेल्या स्त्रिया बसल्या आहेत, आणि त्या मेळात बासरीही आहे. हे काम सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचे. म्हणजे बासरी ही केवळ रानातल्या गुराख्याची, हा आपला समज तेवढ्यापुरता बाजूला ठेवावा लागतो.

आता शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवरचा दौलताबादचा किल्ला घ्या. हाच यादवांचा देवगिरी. तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आले. शार्ङ्गदेवाकडे काम होते राज्याच्या हिशेबाचे, शिवाय त्याला वैद्यकही येत होते. या हिशेबनिसाने 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला, आणि आजही उत्तरेतले काय नि दक्षिणेतले काय, संगीताचे अभ्यासक त्याच्यापाशी येऊन थांबतात. त्यातला सहावा अध्याय वाद्यांचा. त्यात बासरीचे, म्हणजे 'वंशा'चे, प्रकार चक्क बोटांच्या मापाने लावले आहेत. फुंकण्याचे छिद्र आणि त्यापुढचे पहिले छिद्र यांत एक अंगुळ अंतर असेल तर ती एकवीर, दोन असेल तर उमापती, तीन तर त्रिपुरुष. हिशेबनिसाचीच दृष्टी ती! बांबू सरळ हवा, गाठ नको, हेही तो सांगतो. फुंकरीचे गुण सांगतो, दोषही सांगतो. आपल्याकडे आजही बोलण्यात असलेला 'पावा' हा शब्द त्याच्या ग्रंथात वाद्याचे नाव म्हणून आला आहे. फुंकरीचे दोष मांडून ठेवावे लागले, यावरून एक गोष्ट मला दिसते: त्या काळीही नवशिक्याच्या बासरीतून आधी हवाच निघत असली पाहिजे.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. पन्नालाल घोष यांचा जन्म १९११ चा, पूर्व बंगालातल्या बारिसालचा. तरुणपणी व्यायाम आणि मुष्टियुद्धाचा नाद. १९४० साली ते मुंबईला आले आणि चित्रपटांच्या संगीतात त्यांचा जम बसला. त्यांच्या आधी बासरी होती ती लहान, लोकगीतांची. तिच्यावर खयालाचा धीरगंभीर आलाप व्हायचा कसा? पन्नालालांनी बांबूमागून बांबू तपासून सुमारे ३२ इंच लांबीची बासरी सिद्ध केली, आणि एक सातवे छिद्रही पाडले. एवढे सगळे झाल्यावर, नाव झाल्यावर, १९४७ साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी हा माणूस मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँसाहेबांकडे शिष्य म्हणून जाऊन बसला. १९५६ मध्ये ते दिल्लीला आकाशवाणीच्या वाद्यवृंदात गेले आणि १९६० मध्ये वारले.

दुसरे हरिप्रसाद चौरसिया. १९३८ सालचे, अलाहाबादच्या पैलवानाचे चिरंजीव. त्यांनीही आखाड्यात घाम गाळला आहे. १९५७ मध्ये ते आकाशवाणीच्या कटक केंद्रावर रुजू झाले, पुढे मुंबईला आले. चित्रपटसृष्टीत मान आणि पैसा दोन्ही मिळत असताना ते अन्नपूर्णादेवींकडे शिकायला गेले. आधीचे शिकलेले विसरून नव्याने आरंभ करायचा, असे ठरले. तेव्हा त्यांनी बासरीच उलट्या बाजूला धरली, दोन्ही हातांच्या जागा बदलल्या. म्हणजे बोटांना पुन्हा पहिलीच्या वर्गात बसवले! गुरुजींनो, वर्गात हे जरूर सांगा.

आणखी एक मौज पाहा. अन्नपूर्णादेवी या अल्लाउद्दीन खाँसाहेबांच्याच कन्या. वडिलांचे वाद्य सरोद, मुलीचे सुरबहार. बासरीचे दोन मोठे वादक एकाच घरात शिकायला गेले, आणि त्या घराचे मुख्य वाद्य बासरी नव्हते. पन्नालालांचे त्याआधीचे एक गुरू, खुशी मोहम्मद, हे तर हार्मोनियमवाले. तेव्हा आमच्या गावात बासरीचा मास्तर नाही, ही तक्रार फारशी टिकत नाही. भजनी मंडळात पेटीवाला तर असतो? तो सूर धरून बसेल, कान तयार करील. नुसती बोटे कशी ठेवायची ते मात्र कुणा बासरीवाल्याला एकदा विचारून घ्यावे लागेल.

आता हातातल्या बासरीविषयी. आधी छिद्रे सगळी मोकळी ठेवा. खालचा ओठ तोंडाच्या छिद्राच्या कडेला टेकवा आणि गरम चहावर घालावी तशी बारीक फुंकर पलीकडच्या काठावर सोडा. जोर नको. जोर केला की सूर तर निघत नाहीच, वर भोवळ येते. मग थांबायचे, पाणी प्यायचे. सूर सापडला की वरची तीन छिद्रे बोटांच्या पेरांनी झाका, टोकांनी नव्हे. हा तुमचा सा. चौथे छिद्र झाकले की नि, पाचवे झाकले की ध, आणि सहाही झाकली की खालचा प. तो प लवकर लागत नाही, कारण एखाद्या बोटाखालून वारा निसटतो. पहिले आठ-पंधरा दिवस 'सा'वरच काढावेत. गाणे नको. पहाटे मोटेच्या विहिरीकडे किंवा शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसलात, तर हसायलाही कुणी नसते.