घागर मोडीत गेली, आणि तिच्यासोबत एक साधनही



संशोधनाची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "प्राथमिक साधन म्हणजे नेमकं काय? ते फक्त दफ्तरखान्यातच मिळतं का?" आज याचं उत्तर माझ्याच एका चुकीतून देते.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीची गोष्ट. मैत्रिणींबरोबर चार दिवस दापोलीला जायचं ठरलं होतं आणि फेलोशिपचे पैसे काही जमा झाले नव्हते. घरात माळा आवरायला काढलेलाच होता. म्हटलं, नको असलेलं विकून टाकू, सुट्टीचा खर्च तरी निघेल. टेबलफॅन, अभ्यासाची खुर्ची आणि एम.एस्सी.ची पुस्तकं फोटो काढून ऑनलाइन टाकली. आठवड्याभरात तिन्ही गेली. आजीची पितळी घागरही टाकली होती, पण तिला "लास्ट प्राइस?" यापलीकडे कुणी काही विचारेना. शेवटी आईला सांगून रविवार पेठेतल्या एका दुकानात ती मोडीत घातली. वजन अडीच किलो, हातात साधारण हजार रुपये.

दापोलीहून परत आले तेव्हा आईने सहज विचारलं, "घागरीवरचं नाव वाचलं होतंस का गं? आजीला कुणी दिली होती ती?" मी वाचलं नव्हतं. फोटोही एकाच बाजूने काढलेला. आणि माझा पीएचडीचा विषय काय, तर विसाव्या शतकातल्या पुण्यातल्या घरांमधली धातूची भांडी!

भांड्यावरचं नाव म्हणजे काय, हे आधी समजून घेऊ. लग्न, मुंज, वास्तुशांत अशा वेळी भांडं आहेर म्हणून द्यायचं, तर दुकानदाराकडून त्यावर नाव घालून घ्यायची आपल्याकडे पद्धत. पूर्वी बारीक छिन्नीने ठिपके ठोकून, नंतर विजेच्या यंत्राने. देणाऱ्याचं नाव, प्रसंग आणि पुष्कळदा तारीख. संशोधकाच्या नजरेने पाहा: ही तारीख असलेली नोंद आहे, व्यक्तीचं नाव आहे, नातं आहे, आणि ज्या धातूवर ती कोरली तो धातूही हातात आहे. इतकं सगळं एका ठिकाणी देणारं साधन घरगुती जीवनाच्या इतिहासात फार थोडं मिळतं.

पैसे न घेता विकणं

घरातलं नको ते विकणं आपण नव्याने शिकलेलो नाही. पुण्यात रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो. अप्पा बळवंत चौकात जुन्या पाठ्यपुस्तकांची खरेदी-विक्री पिढ्यानपिढ्या चालू आहे. आपले शब्दच बघा ना. 'लिलाव' पोर्तुगिजांकडून आला, 'रद्दी' अरबी 'रद्द'वरून. 'मोड' म्हणजे जुनं, फुटकं भांडं किंवा दागिना धातूच्या भावाने देणं. 'मोडीत काढणे' हा वाक्प्रचार तिथलाच.

पण या जुन्या व्यवहारांत रोख पैसा बऱ्याचदा नसायचाच. मोड घालायची ती नवं भांडं घेताना, जुन्याची किंमत नव्यातून वजा करून. दारावर येणारी बोहारीण जुने कपडे घेऊन भांडं द्यायची. "एवढ्या साड्यांना एवढंसंच पातेलं?" अशी घासाघीस तासभर चालायची. जरीच्या लुगड्याला भाव जास्त, कारण खऱ्या जरीतून चांदी काढता येते. हा सौदा बहुतेक घरांत बायकाच करायच्या. माझं निरीक्षण असं की, ज्या बाईच्या हातात घरखर्चाचा हिशोब नव्हता तिलाही हा व्यवहार स्वतःच्या अकलेवर करता यायचा.

आणि नेमकं म्हणूनच तो कागदावर उतरला नाही. पैसे हातात आले नाहीत म्हणजे जमाखर्चाच्या वहीत ओळ नाही. पावती नाही, कर नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कसबा पेठेतल्या एखाद्या घराने वर्षाला किती भांडी मोडीत घातली, हे मला दफ्तरात सापडणार नाही. लक्षात ठेवा: साधन नाही याचा अर्थ घटना नाही, असा होत नाही. ती घटना कोण करत होतं आणि लिहून कोण ठेवत होतं, हे आधी विचारायचं.

उलट उदाहरणही पुण्यातच आहे. 1993 मध्ये इथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची आणि फेरीवाल्या भंगार खरेदीदारांची संघटना उभी राहिली. त्यानंतर ओळखपत्रं आली, निवेदनं आली, पाहण्या झाल्या. माणसं संघटित झाली की कागद तयार होतो. त्याआधीही ती हेच काम करत होती, फक्त त्याची नोंद नव्हती.

'नको असलेली' वस्तू ठरते कशी?

घागर नकोशी का झाली? इथे माझं रसायनशास्त्र कामाला येतं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबट पदार्थ त्यात कळकतात, म्हणून आतून कथलाची कल्हई लावायची, ती झिजली की पुन्हा लावायची. स्टेनलेस स्टीलचा शोध शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्लीने 1913 मध्ये लावला. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत ते आपल्या स्वयंपाकघरात पसरलं. त्याला कल्हई लागत नाही, चिंचेने घासावं लागत नाही. मग नळ घरात आला, आणि पाणी भरून ठेवायच्या घागरीचं कामच संपलं. म्हणजे आजीची घागर काही बिघडली नव्हती. तिच्याभोवतीचं घर बदललं होतं.

मोडीत गेलेल्या भांड्याचं पुढे काय होतं? ते वितळतं. जुन्या धातूंचा अभ्यास करणारे शिशाच्या समस्थानिकांवरून धातू कोणत्या खाणीतला, याचा अंदाज बांधतात. पण अनेक ठिकाणची भांडी एका मुशीत वितळली की त्या खुणा एकमेकांत मिसळतात. नाव तर जातंच, धातूची ओळखही पुसट होते.

ऑनलाइन आल्यावर काय बदललं?

अमेरिकेत पिअर ओमिडयारने 1995 मध्ये पुढे ईबे झालेली लिलावाची साइट सुरू केली. भारतात 2000 मध्ये बाझी डॉट कॉम आली आणि 2004 मध्ये ईबेने ती विकत घेतली. नंतर ओएलएक्स आणि क्विकरमुळे जवळपासचा गिऱ्हाईक थेट घरी येऊ लागला. ईबेबद्दल एक गोष्ट बरीच वर्षं सांगितली गेली: ओमिडयारच्या होणाऱ्या बायकोला पेझ गोळ्यांच्या डब्या जमवायला सोपं जावं, म्हणून ही साइट काढली. प्रत्यक्षात ती कंपनीच्या प्रसिद्धी विभागाने रचलेली कथा होती. संस्था स्वतःच्या जन्माबद्दल जे सांगते ते साधन म्हणून जरूर वापरा, पण पुरावा म्हणून तपासल्याशिवाय नको.

मोडीत किंमत वजनावर ठरते, दुकानदाराच्या काट्यावर. बोहारणीकडे घासाघिशीवर. ऑनलाइन ती विकणाऱ्याच्या वर्णनावरही ठरू लागली. जॉर्ज अ‍ॅकरलॉफने 1970 मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. वस्तूबद्दल विकणाऱ्याला जास्त माहिती असते, घेणाऱ्याला कमी, आणि त्या शंकेपोटी चांगल्या वस्तूचाही भाव पडतो. माझ्या जाहिरातीत काय लिहिलं होतं? "जुनी घागर, चांगल्या स्थितीत." एवढ्यावर कोण वजनापेक्षा जास्त पैसे देईल? घागरीची गोष्ट तिच्यावरच कोरलेली होती, ती मीच वाचली नाही.

आणि हो, अशा जाहिराती डेटा म्हणून वापरणार असाल तर जपून. तिथे दिसते ती मागितलेली किंमत. सौदा कितीला तुटला हे फोनवर किंवा दारात ठरतं. शिवाय वस्तू विकली की जाहिरात काढून टाकतात. म्हणजे जे खपलं नाही तेच जास्त दिवस दिसत राहतं.

एका गिऱ्हाइकाची नजर

लोकांना जे नको होतं ते हवं असलेला एक माणूस पुण्यात होता. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990), 'अज्ञातवासी' नावाने कविता लिहिणारे. त्यांनी गावोगाव फिरून अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या अशा रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या नावाने, म्हणजे राजा केळकर म्हणून, तो संग्रह उभा राहिला. आज त्यात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. शुक्रवार पेठेतलं ते संग्रहालय पाहिलं नसेल तर जाऊन या. मात्र तिथेही एक प्रश्न सोबत न्या: संग्राहकाला नक्षीदार वस्तू खुणावते. साध्या, बिननक्षीच्या घागरी कुठे गेल्या? बहुतेक माझ्या घागरीच्या वाटेने. जे टिकलं त्यावरूनच जुनं घर कसं होतं हे ठरवलं, तर ते प्रत्यक्षापेक्षा देखणं दिसेल.

विकू नका असं मी म्हणत नाहीये. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दहा घागरी ठेवणार कुठे? पण द्यायच्या आधी अर्धा तास काढा. वस्तूचे सगळ्या बाजूंनी फोटो, नाव कोरलेलं असेल तर तिरप्या उजेडात जवळून एक. उंची, वजन. आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला तीन प्रश्न: ही कुठून आली, कशाला वापरायचो, वापर कधी थांबला? उत्तर जसं दिलं तसंच लिहा, वर तारीख घाला.

मी आता तेच करते. घागर गेल्यावर आईबरोबर बसून उरलेली भांडी खाली काढली. सात भांड्यांवर नावं निघाली. दोन नावं आईलाही ओळखता आली नाहीत. ती ओळखणारी माझी एक आत्या सांगलीला असते, शहात्तर वर्षांची. पुढच्या सुट्टीत दापोली नाही, आधी सांगली.