डाळ्याचा कुळवृत्तांत

डाळं भट्टीवर तयार होतं, हे अर्धंच खरं. उरलेलं अर्धं काम गोणपाटाखाली होतं.

आमच्या मंडईमागे भडभुंज्याची भट्टी होती. हरभरा आधी कढईत नुसता गरम करून घेत, मग जमिनीवर ओतून हातानं पाणी शिंपडत आणि ढीग करून त्यावर ओलं गोणपाट टाकत. रात्रभर त्याच्याकडे कुणी बघत नसे. सकाळी खरी आग. वर्षानुवर्षं वापरून काळी झालेली वाळू कढईत अशी तापलेली असे, की दाणे टाकले की मिनिटभरात तडतड सुरू. झाऱ्यानं उपसून चाळणीत घालायचे. वाळू खाली, दाणे वर. ते गार व्हायच्या आत खरबरीत बुडाच्या मडक्यानं रगडले की सालं सुटून पिवळीधमक डाळ मोकळी होई. मला तेव्हा वाटे, हा माणूस पाण्यात कंजुषी करतो. घरी हरभरा भिजवतात तो बुडेपर्यंत पाण्यात.

भट्टीचं हे काम फार जुनं आहे. ‘भट्टी’ या शब्दाचं मूळ संस्कृत ‘भ्राष्ट्र’पर्यंत नेतात, आणि भ्राष्ट्र म्हणजे धान्य भाजायचं पात्र, अमरकोशात ते ‘अंबरीष’ या नावाशेजारी बसलेलं आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त अनेक डाळींचा ‘विदलपाक’ हा पदार्थ आहे. त्याही मागे जायचं तर इनामगाव या प्राचीन वस्तीच्या उत्खननात कुळीथ आणि मसूर मिळाले, तेही जळून कोळसा झाले म्हणून टिकले. पण हे सगळं भाजण्याचं कूळ झालं. गोणपाटाची शाखा शोधायला जावं लागतं तुर्कस्तानात.

हरभऱ्याचं मूळ गाव तिकडचंच, आग्नेय तुर्कस्तानाच्या परिसरातलं. तिथे ‘लेब्लेबी’ म्हणून जे विकतात ते आपल्या डाळ्याचं सख्खं भावंड, आणि चोरुम हे शहर त्यासाठी आपल्या पंढरपुरासारखं प्रसिद्ध. हरभरा तापवायचा, गरम असतानाच पोत्यात भरून मुरवायचा, पुन्हा तापवायचा, बरेच दिवस पसरून ठेवायचा, मग पाणी देऊन एक रात्र ठेवायचा आणि शेवटी भाजून साल काढायची. आपला भडभुंजा एका रात्रीत उरकतो त्याला तिकडे आठवडे लागतात. कुणी कुणाकडून शिकलं या वादात मी पडत नाही. ताठ सालीचा दाणा आणि आग एवढंच हाताशी असेल, तर दोन गावांना एकच युक्ती सुचू शकते.

दोन्हीकडे सगळा खटाटोप सालीसाठी. दाण्याच्या आतल्या स्टार्चचा विचार कुणाच्या डोक्यात असणार? स्टार्च म्हटला की आपल्याला आठवते खळ. भरपूर पाण्यात उकळला की त्याचे कण फुगतात, फुटतात आणि चिकट लगदा होतो. पाणी अपुरं असलं, तर कितीही तापवा, कणाला फुगता येत नाही. मग आतल्या रेणूंच्या साखळ्या जागच्या जागी हलतात आणि नव्यानं घट्ट बसतात.

प्रयोगशाळेनं हे ओळखलं ते बटाट्यामुळे. १९३० साली हॉलंडात कात्झ आणि व्हान इटाली यांनी क्ष-किरणांखाली स्टार्चच्या जाती लावल्या: धान्यांची ‘ए’, बटाट्याची ‘बी’, आणि या दोहोंची सरमिसळ ती ‘सी’. आपली कडधान्यं बहुतेक या सरमिसळीत येतात. १९४४ मध्ये अमेरिकेत सेअर आणि फेट्झर यांनी ओलसर स्टार्च तापवून पाहिला, आणि बटाट्याचा स्टार्च धान्यासारखा वागू लागला. जात बदलली म्हणायची! आज अशा तापवण्याचं ठरलेलं माप म्हणजे साधारण १० ते ३० टक्के ओल, ९० ते १२० अंश सेल्सिअस उष्णता, आणि वेळ पाव तासापासून सोळा तासांपर्यंत. कडधान्यांची पाळी बरीच उशिरा आली. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठात हूव्हर यांनी १९९४ मध्ये इतर स्टार्चबरोबर मसुराचाही तपासला, आणि १९९६ मध्ये केवळ कडधान्यांवरच काम केलं. असा स्टार्च कमी फुगतो, खळ व्हायला जास्त उष्णता मागतो आणि ढवळून, घोटूनही पातळ होत नाही.

इथे ‘आमच्या भडभुंज्याला हे आधीच ठाऊक होतं’ असं म्हणायचा मोह होतो. मी तो आवरतो. गोणपाटाखालची ऊब या मापाच्या जवळपासही पोचत नाही. आणि वाळू तर उलटच काम करते: दोनशे अंशांच्या पुढची आच दाण्यातल्या पाण्याची क्षणात वाफ करते, दाणा फुलतो, ठिसूळ होतो. म्हणून तर डाळं गार पाण्यात वाटलं तरी चटणी मिळून येते. कच्च्या बेसनाचं तसं नाही. त्याचं पिठलं रटरटा शिजवावं लागतं, नाहीतर कच्चट वास जात नाही. तेव्हा नातं आहे, पण चुलत. दोन्ही घरांत पाणी मोजून देतात आणि बाकीचं उष्णतेवर सोडतात.

प्रयोगशाळेच्या घरातला माल आता सॉस, नूडल्स आणि डबाबंद पदार्थांत जातो. त्याला रसायन लागत नाही. त्यामुळे युरोपात अशा स्टार्चची गणना मिश्रकांत न होता साध्या खाद्यघटकांत होते. रसायनानं बदललेल्या स्टार्चला मिश्रकाचा क्रमांक चिकटतो. याच्या डब्यावर नुसतं ‘वाटाण्याचा स्टार्च’ छापलं तरी चालतं.