दिव्यांगांसाठी वृक्षारोहण : पायांऐवजी दोराचा आधार

हौशी वृक्षारोहणात खोडाला कवटाळून चढत नाहीत. मजबूत फांदीवरून दोर टाकतात, तो चढणाऱ्याच्या हार्नेसला जोडतात आणि चढाई होते ती दोरावर. झाडांची छाटणी करणाऱ्या व्यावसायिकांचे हे तंत्र. पीटर जेनकिन्स यांनी १९८३ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथे त्यासाठी संस्था स्थापन केली आणि त्याला छंदाचे रूप मिळाले. पायांत बळ नसलेल्यांनाही हा छंद जोपासता येतो, तो या दोरामुळेच.

दुहेरी दोराच्या पद्धतीत फांदी कप्पीचे काम करते. दोर दोन मीटर ओढला की शरीर एक मीटर वर जाते; घर्षण वगळता वजनाच्या निम्मे बळ पुरते. हात थांबताच दोरावरील गाठ आवळते आणि चढणाऱ्याला तेथेच विसावता येते. एरवी दोराच्या फासात पाऊल रोवून पायांचे बळ वापरले जाते. ते शक्य नसल्यास जादा कप्प्या जोडून भार घटवतात. अर्थात ओढायचा दोर तितकाच वाढतो. फांदीवर संरक्षक नळी बसवली की ओढ हलकी होते आणि सालही वाचते. हातही दुर्बल असतील तर जमिनीवरील सहायक दोर ओढू लागतो. सगळा भार त्यानेच पेलणे सोपे असते, परंतु मग ती व्यक्ती चढत नाही, उचलली जाते. कुठे हात आखडता घ्यायचा, हे सहायकाला कळावे लागते.

सर्वाधिक जपावे लागते ते त्वचेला. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर बधिर झालेल्या भागावर पट्टा रुतला तरी जाणवत नाही आणि दाबामुळे जखम होऊ शकते. म्हणून रुंद, गादीदार बैठक वापरतात. धडाचा तोल राहत नसल्यास छातीलाही आधार देतात. दुखापत पाठीच्या वरच्या भागात वा मानेत असेल, तर अशा दाबाने रक्तदाब एकाएकी भडकण्याचा धोका असतो. त्यामुळे चढणाऱ्याला जमिनीवरूनच तत्काळ उतरवता येईल, अशी दोराची बांधणी आधीच करावी लागते.

जपानमध्ये हा उपक्रम रुजवणारे जॉन गॅथराइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये झाड व मनोरा यांवरील चढाईची तुलना प्रसिद्ध केली; झाडावर मन अधिक निवांत होत असल्याचे तीत आढळले.

भारतात दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मधील कलम ३० क्रीडासुविधांची पुनर्रचना करण्यास सांगते. वृक्षारोहणात या पुनर्रचनेची सुरुवात दोराच्याही आधी, व्हीलचेअर बुंध्यापर्यंत नेणाऱ्या वाटेपासून होते.