पंच कोण निवडतो?

श्रोतेहो, जत्रेत कुस्तीचा फड लागला की जाणती माणसे आधी पंच कोण आहे ते विचारतात आणि मग पैलवानांकडे पाहतात. न्यायाच्या कामातही तसेच आहे. निकाल देणारी माणसे कशी निवडली हे ज्याने पाहिले नाही, त्याला खटला अर्धाच कळला म्हणायचा. लोकमान्य टिळकांवर १९०८ साली चाललेला राजद्रोहाचा खटला आज आपण या बाजूने पाहू.

त्या काळी मुंबई हायकोर्टात असा खटला नऊ ज्यूररांपुढे चाले. ज्यूरर म्हणजे शहरातले नागरिक. पुरावा ऐकून आरोपी दोषी की निर्दोष, एवढेच त्यांनी सांगायचे. शिक्षा ठरवायची ती न्यायाधीशाने. नऊ जणांचे एकमत हवेच असे नव्हते. सहा जणांचे मत जुळले आणि न्यायाधीशाला ते पटले, की झाला निकाल.

आता हे नऊ जण निवडायचे कसे? १८९८ च्या फौजदारी कायद्यात त्याची रीत घालून दिली होती. बोलावलेल्या लोकांतून चिठ्ठ्या टाकून नावे काढायची. एकेक नाव मोठ्याने पुकारायचे आणि आरोपीला विचारायचे, 'या माणसाबद्दल तुमची हरकत आहे काय?' माणूस पक्षपाती आहे, पोलिसात नोकर आहे, पुराव्याची भाषा त्याला कळत नाही, अशी कारणे दाखवून त्याला वगळता येई. शिवाय हायकोर्टात सरकारला आठ आणि आरोपीला आठ हरकती कारण न सांगता घेता येत. वरवर पाहता तराजू अगदी समतोल!

पण मंडळी, खरी चाळण त्याआधीच लागलेली असे. चिठ्ठीत नाव यायचे तर ते आधी यादीत हवे. याद्या दोन होत्या, एक साध्या ज्यूररांची आणि एक खास ज्यूररांची. खास यादी कोर्टाचा अधिकारी मालमत्ता, चारित्र्य आणि शिक्षण पाहून करी, आणि मुंबईत तिच्यात चारशेपेक्षा जास्त नावे घालता येत नसत. परक्या राज्यातल्या मुंबईत अशा कसोटीला कोण उतरणार? त्या यादीत गोऱ्यांचा भरणा मोठा होता.

टिळकांच्या खटल्यात सरकारने मागणी केली ती याच खास ज्यूरीची. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर जोसेफ बॅप्टिस्टा यांनी विरोध केला. लेख 'केसरी'तले, भाषा मराठी, आणि खास ज्यूरी नेमली तर तिच्यात मराठी न जाणणारे गोरेच अधिक येणार, हा त्यांचा मुद्दा होता. न्यायमूर्ती दावर यांनी सरकारची मागणी मान्य केली. १३ जुलैला खटला सुरू झाला तेव्हा ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी होते.

तुम्ही म्हणाल, भाषा कळत नाही ही हरकत कायद्यात होतीच की! होती, पण तिच्यात एक खोच होती. पुराव्याचे भाषांतर झाले असेल, तर ज्यूररला भाषांतराची भाषा कळली म्हणजे पुरे. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' हे लेख इंग्रजीत उतरवून ज्यूरीपुढे ठेवले गेले. माणसावर खटला त्याच्या शब्दांसाठी, आणि निकाल देणाऱ्या बहुतेकांना ते शब्दच वाचता येत नव्हते. टिळकांनी स्वतःच आपली बाजू मांडली. एकवीस तासांहून अधिक ते बोलले, आणि त्यातला बराच वेळ मूळ मराठी शब्दांचा खरा अर्थ समजावण्यात गेला.

२२ जुलैच्या रात्री निकाल लागला. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी! शिक्षा झाली सहा वर्षे काळ्या पाण्याची. अकरा वर्षांपूर्वी, १८९७ च्या खटल्यात, ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन हिंदी होते. तेव्हा मते पडली सहा विरुद्ध तीन. दोन्ही वेळा मतांचा आकडा ज्यूरीच्या रंगाशी तंतोतंत जुळला. लोकांनी त्यातून काय ओळखायचे ते ओळखले.

हा दोष एकट्या मुंबईचा नव्हता. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या कायद्याने फक्त गोऱ्या पुरुषांनाच ज्यूरीत बसता येई. तो कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८८० साली रद्द केला. पण कारण न सांगता हरकत घेण्याची मुभा राहिलीच, आणि तिच्या आडून काळ्या नागरिकांना वगळणे चालू राहिले. अशी हरकत वंशावरून घेता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने सरकारी वकिलांना बजावले ते १९८६ साली. दार उघडले, तरी उंबऱ्यावर कोण उभा आहे हे पाहावेच लागते.

आपल्याकडे १९७३ च्या फौजदारी कायद्याने ज्यूरीची पद्धत संपवली. तरीही शिक्षकबंधूंनी टिळकांचा खटला शिकवताना सहा वर्षांच्या शिक्षेबरोबर सात आणि दोन हे आकडेही फळ्यावर लिहावेत, आणि ते सात जण कोणत्या यादीतून आले हे मुलांना विचारावे.